गाव सुटलेल्यांना कोण विचारणार? भटके-विमुक्त, आदिवासी आणि बौद्ध : ओळख, नागरिकत्व व सदस्यत्वाचे टिपण

पलूस तालुक्यातले कुंडल आपल्याला माहीत आहे ते प्रतिसरकारमुळे. १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिशांना न जुमानता स्वतःचा कारभार चालवला. न्यायनिवाडे केले, गावोगाव लोकांना एकत्र बसवून निर्णय घेतले. कुंडल हे त्या चळवळीचे महत्त्वाचे केंद्र आणि तुफान सेनेचे जी. डी. बापू लाड इथलेच. त्या काळात हे गाव औंध संस्थानात होते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये प्रजेला स्वराज्याची घटना देऊन टाकली होती. म्हणजे 'कारभार कुणाचा आणि त्यात कुणाला विचारायचे' हा प्रश्न या मातीला नवा नाही.

आज याच परिसरात ऊसतोडीच्या हंगामात कोप्या पडतात, रस्त्याच्या कडेला पाले उभी राहतात, आणि इथली माणसे पोटासाठी सांगली, मिरज, पुणे, मुंबई गाठतात. त्यांत वडार आहेत, कैकाडी आहेत, पारधी आहेत, रामोशी आहेत, बौद्धही आहेत. गाव सुटले की त्यांच्यापुढे तीन प्रश्न उभे राहतात. मी कोण? मी कुठला नागरिक? आणि मी कुणाचा? या तीन प्रश्नांची उत्तरे सरकार, जातपंचायत, तपासणी समिती असे सगळे देतात. ज्याचा प्रश्न आहे त्याला मात्र फार क्वचित विचारले जाते. बौद्ध तरुण कार्यकर्त्यांना हा विषय एका जागी मिळावा म्हणून आम्ही हे टिपण लिहीत आहोत.

तीन शब्द, तीन वेगळ्या गोष्टी

बोलताना आपण हे शब्द एकमेकांत मिसळतो. कामात मात्र ते वेगळे ठेवावे लागतात.

ओळख म्हणजे माणूस स्वतःला काय म्हणवतो आणि समाज त्याला काय म्हणतो. नागरिकत्व म्हणजे राज्यसंस्थेशी असलेले कायद्याचे नाते. ते १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने ठरते. सदस्यत्व म्हणजे एखाद्या समूहात मोजले जाणे. हा समूह सरकारी यादीतली जात किंवा जमात असेल, जातपंचायत असेल, ग्रामसभा असेल किंवा धम्माचा संघ असेल.

एखादी बाई स्वतःला पारधी म्हणवते, देशाची नागरिक आहे, पण तिच्याकडे जमातीचा दाखला नाही. ओळख आहे, नागरिकत्व आहे, सदस्यत्व नाही. दुसऱ्या घरात दाखला आहे, पण लग्न बाहेर केले म्हणून पंचायतीने वाळीत टाकले आहे. तिसऱ्याकडे जन्माची नोंदच नाही, म्हणून नागरिकत्व असूनही ते सिद्ध करता येत नाही. दुखणे कुठले आहे हे ओळखल्याशिवाय अर्ज कुठल्या कचेरीत द्यायचा हेही ठरत नाही.

यादी कुणी केली?

ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. १९११ च्या कायद्याने तो देशभर लागू करण्याची वाट मोकळी झाली आणि १९२४ मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले. या कायद्याने आख्खी जमात गुन्हेगार ठरवता येत होती. पोर जन्माला आले की यादीत गेले. पोलिसांकडे हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. मुंबई इलाख्यात सोलापूर, हुबळी, विजापूर अशा ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंट वसवल्या गेल्या. हा कायदा देशभर रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. त्या दिवसापासून हे समाज 'विमुक्त' झाले.

याच सांगली जिल्ह्यात दुसरीही एक गोष्ट घडली. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत सुरू केली. मॉरिस फ्रीडमन यांची त्यामागे प्रेरणा होती. शिक्षा झालेल्या माणसांना भिंतीआड न ठेवता शेती करत कुटुंबासह राहू दिले गेले. एका राजवटीत गुन्हा सिद्ध झालेल्यावर विश्वास टाकला जात होता, आणि शेजारच्या राजवटीत गुन्हा न केलेल्या बाळाचे नाव हजेरीत चढत होते.

वर्गवारीचा इतिहासही लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९२८ मध्ये मुंबई सरकारने स्टार्ट समिती नेमली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते. १९३० च्या अहवालात समितीने मागासवर्गीयांचे तीन गट केले : अस्पृश्य वर्ग, आदिवासी व डोंगरी जमाती, आणि इतर मागास. समितीचे अध्यक्ष स्टार्ट हे गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचे काम पाहिलेले अधिकारी होते. पुढच्या याद्यांवर या विभागणीची सावली राहिली.

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींचे राष्ट्रपतींचे आदेश निघाले. महाराष्ट्रात विमुक्त जाती व भटक्या जमातींची यादी २१ नोव्हेंबर १९६१ ला आली. आज राज्यात विमुक्त जाती (अ) ला ३ टक्के, भटक्या जमाती (ब) ला २.५ टक्के, (क) म्हणजे धनगरांना ३.५ टक्के आणि (ड) म्हणजे वंजारी समाजाला २ टक्के आरक्षण आहे. एकूण ११ टक्के. केंद्राच्या यादीत मात्र यांतले बहुतेक समाज इतर मागासवर्गात मोडतात.

एकाच रक्ताची तीन नावे

ही यादी लोकांना विचारून झालेली नाही, हे तिच्याकडे पाहूनच कळते.

कैकाडी घ्या. विदर्भातल्या जिल्ह्यांत, म्हणजे अकोला, अमरावती, भंडारा, बुलडाणा, नागपूर, वर्धा, यवतमाळ आणि राजुरा सोडून चंद्रपूरमध्ये, कैकाडी अनुसूचित जातीत आहेत. सांगली-साताऱ्यातले कैकाडी विमुक्त जातीत. टोपल्या विणणारे हात तेच आणि सोयरीकही होते, पण दाखला वेगळा. हे क्षेत्रबंधन उठवण्याची मागणी जुनी आहे.

पारधी घ्या. फासे पारधी अनुसूचित जमातीत, तर पाल पारधी आणि राज पारधी विमुक्त जातीत. गावकऱ्याला आणि पोलिसाला यांत फरक दिसत नाही. संशय सगळ्यांवर सारखाच. सवलत देताना मात्र फरक केला जातो.

सीमेवरचे लोक घ्या. जत तालुक्याला लागून कर्नाटक आहे. तिकडे लमाणी आणि भोवी-वडार अनुसूचित जातीत, इकडे बंजारा आणि वडार विमुक्त जातीत. विजापूरकडून मिरजेला येऊन दोन पिढ्या झालेल्या कुटुंबाला कर्नाटकचा दाखला महाराष्ट्रात चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात हे स्पष्ट केले : एका राज्यातला दर्जा स्थलांतराबरोबर दुसऱ्या राज्यात येत नाही. २०१८ च्या बीर सिंग निकालातही राज्यांच्या बाबतीत हेच तत्त्व कायम राहिले.

शहरात गेल्यावर दाखल्याचे काय होते?

महाराष्ट्रात जातीचे दाखले आणि त्यांची पडताळणी यासाठी २००० चा कायदा आहे, जो २००१ चा अधिनियम क्रमांक २३ म्हणून ओळखला जातो. दाखला प्रांताधिकाऱ्यासारखा सक्षम अधिकारी देतो आणि तपासणी समिती तो वैध ठरवते. अनुसूचित जमातींसाठी वेगळ्या समित्या आहेत. या समित्यांची पद्धत १९९४ च्या माधुरी पाटील निकालातून आली.

यात चार तारखा पाठ असाव्यात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आपले वाडवडील त्या तारखेला जिथे कायम राहत होते, तिथला सक्षम अधिकारी दाखला देतो. म्हणून मुंबईत जन्मलेल्या मुलीला आजोबांच्या गावाकडे, सांगली जिल्ह्यात यावे लागते. ज्यांचे घर-शेत होते त्यांना हे जमते. पण भटक्याला विचारले की २१ नोव्हेंबर १९६१ ला तुमचे आजोबा कुठे राहत होते, तर खरे उत्तर एकच असते : वाटेवर. कायम वस्तीची अट भटकंती हीच ओळख असलेल्या माणसाला लावली, की ओळखच पुराव्याच्या विरोधात जाते.

कुंडल भागातल्या कुटुंबांसाठी एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. १९४८ पर्यंत हा भाग औंध संस्थानात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. म्हणून जुना पुरावा शोधताना 'सांगली जिल्हा' असे नाव शोधून काही सापडत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यू नोंद, जुने महसुली कागद, हे सगळे संस्थानच्या आणि नंतर दक्षिण साताऱ्याच्या नावाने पाहावे लागते. अनेक नोंदी मोडीत असतात. मोडी वाचणारा एक कार्यकर्ता तालुक्यात तयार झाला, तर तो दहा मोर्च्यांइतके काम करतो.

दुसरा अडसर आहे आप्तभाव चाचणीचा. जमातीचा दावा तपासताना कुलदैवत, लग्नविधी, बोलीभाषा, अंत्यविधी यांबद्दल प्रश्न विचारतात आणि उत्तरे जमातीच्या ठरावीक वर्णनाशी ताडून पाहतात. पुण्यात वाढलेली, मराठी शाळेत शिकलेली, बोली न येणारी मुलगी यात नापास होऊ शकते. यामागे १९६५ च्या लोकूर समितीचे निकष आहेत : आदिम लक्षणे, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगपणा, इतरांशी मिसळण्यातला संकोच आणि मागासलेपण. या मोजपट्टीत शिकणे, शहरात येणे आणि मोकळेपणाने बोलणे हे तिन्ही गुण उणे ठरतात.

न्यायालयाने ही अडचण ओळखली आहे. २०११ च्या आनंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नमूद केले की स्थलांतर, आधुनिकता आणि इतरांशी संपर्क यांमुळे समाज बदलतात. म्हणून आप्तभाव चाचणी ही एकमेव कसोटी होऊ शकत नाही. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणात मोठ्या पीठाने हेच तत्त्व पक्के केले आणि जुन्या कागदपत्रांना अधिक वजन दिले. दावा फेटाळलेले कुटुंब तुमच्याकडे आले, तर आदेशात नुसती आप्तभाव चाचणी पाहिली आहे की कागदही तपासले आहेत, हे पहिल्यांदा वाचा.

नागरिकत्व असते, कागद नसतो

२६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस, अगदी मोजके अपवाद वगळता, जन्मानेच नागरिक आहे. १ जुलै १९८७ पासून पुढे जन्मलेल्यांसाठी आई-वडिलांपैकी एक नागरिक असावा लागतो. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही नागरिक असावेत, किंवा एक नागरिक असून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. याचा अर्थ असा की तरुण पिढीचे नागरिकत्व आई-बापाच्या कागदावर टेकलेले आहे. ज्या आई-बापांचा जन्म पालात झाला आणि नोंद कुठेच झाली नाही, त्यांच्या मुलांची अडचण इथून सुरू होते.

जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा. त्यातली २०२३ ची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळा प्रवेश, मतदार नोंदणी, पासपोर्ट अशा अनेक कामांना जन्मदाखला हाच पुरावा धरला जातो. एक वर्ष उलटून गेलेली नोंद दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने करता येते. म्हणून आज पालात जन्मलेल्या बाळाची २१ दिवसांच्या आत नोंद करून देणे हे कार्यकर्त्याचे सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दूरचा फायदा देणारे काम आहे.

मतदार यादीसाठी पक्के घर लागत नाही. बेघर माणूस रात्री खरोखर तिथे झोपतो का, हे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी जागेवर जाऊन पाहतो आणि त्यावर नाव नोंदवता येते. 'पत्ता नाही म्हणून नाव नाही' हे उत्तर ऐकून परत येऊ नये.

संशयाचा जुना शिक्काही अजून पुसलेला नाही. विमुक्तांना सवयीचे गुन्हेगार मानण्याची आणि तुरुंगात जातीनुसार कामे वाटण्याची पद्धत नियमपुस्तकांत टिकून होती. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावलींमधल्या अशा तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. १९५२ ला कायदा गेला, त्याची भाषा जायला ७२ वर्षे लागली.

आतले दार : आपला कोण हे कोण ठरवते?

सगळा दोष सरकारवर टाकून चालणार नाही. अनेक समाजांत जातपंचायत सदस्यत्व ठरवते आणि तिथे बाईला बोलायची मुभा नसते. बाहेर लग्न केले, पंचांचा निवाडा मानला नाही, पोलिसात गेले, की कुटुंब वाळीत. २०१८ मध्ये कंजारभाट समाजातल्या तरुण-तरुणींनी कौमार्य चाचणीविरुद्ध पुण्यात उघड मोहीम उभी केली, तेव्हा त्यांनाही आपल्याच लोकांचा रोष सोसावा लागला. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे. तो अशा वेळी वापरायचा.

मिश्र विवाहातल्या मुलांबद्दलही गैरसमज आहेत. लग्नामुळे बाईची जन्मजात बदलत नाही. मुलाची जात बापावरून धरली जाते, पण हे अंतिम नाही. २०१२ च्या रमेशभाई नाईका निकालानुसार मूल आईच्या समाजात वाढले आणि त्या समाजाचे भोग त्याच्या वाट्याला आले हे दाखवता आले, तर त्याला आईच्या समाजाचा दर्जा मागता येतो. एकट्या आईने वाढवलेल्या मुलांसाठी हा निकाल मोलाचा आहे.

धम्मात आलेला कुठे जातो?

हा प्रश्न आपल्या घरातला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळायला १९९० ची दुरुस्ती यावी लागली. मूळच्या १९५० च्या आदेशात फक्त हिंदू होते, १९५६ मध्ये शीख आले आणि १९९० मध्ये बौद्ध. मधली ३४ वर्षे आपणही 'तुम्ही नक्की कोण?' या प्रश्नाला तोंड दिले आहे. भटक्यांची अडचण बौद्धांना इतरांपेक्षा लवकर समजायला हवी ती यासाठी.

'उपरा'चे लेखक लक्ष्मण माने सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातले, कैकाडी समाजातले. त्यांनी २००६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि २७ मे २००७ रोजी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर भटक्या-विमुक्तांचे सामूहिक धर्मांतर झाले. तेव्हापासून एक प्रश्न वारंवार येतो : दीक्षा घेतली तर सवलत जाते का? धर्माची अट ही १९५० च्या अनुसूचित जाती आदेशातली आहे. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. विमुक्त-भटक्यांची राज्याची यादीही त्या आदेशाखाली येत नाही. तरीही धर्म बदलल्याची नोंद शाळेच्या दाखल्यात घेताना मूळ जात-जमातीची नोंद पुसली जाणार नाही, याची काळजी घ्यावी. पुसलेली नोंद पुढच्या पिढीच्या पडताळणीत आडवी येते.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलू. दीक्षा घेतलेल्या वडार किंवा पारधी कुटुंबाला आपल्या विहारात बसायला जागा मिळते, पण समितीत, सोयरिकीत आणि निर्णयात मिळते का? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाखांहून अधिक बौद्ध नोंदले गेले, राज्याच्या लोकसंख्येच्या ५.८१ टक्के. या संख्येत नव्याने आलेल्यांचा आवाज किती, हे आपणच तपासायला हवे.

'विचारविनिमय' कायद्यात कुठे आहे?

संविधानाच्या अनुच्छेद ३४१ आणि ३४२ मध्ये विचारविनिमय हा शब्द आहे, पण तो राष्ट्रपतींनी राज्यपालांशी करायचा आहे. ज्यांचे नाव यादीत जायचे किंवा वगळायचे आहे, त्यांच्याशी नव्हे. पुढे यादीतला बदल संसदच करते. १९९९ पासूनच्या कार्यपद्धतीत राज्याची शिफारस, महानिबंधकांचे मत आणि आयोगाचे मत लागते. अनुच्छेद ३३८, ३३८-अ आणि ३३८-ब नुसार अनुसूचित जाती, जमाती आणि मागासवर्ग आयोगांशी सरकारने धोरणाबाबत सल्लामसलत करायची असते. भटक्या-विमुक्तांसाठी असा स्वतंत्र घटनात्मक आयोग नाही.

पेसा कायदा ग्रामसभेला विचारायला लावतो, पण तो अनुसूचित क्षेत्रापुरता. सांगली आणि सातारा जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र नाही. शहरात तर ग्रामसभाच नाही. गावात राहिलेल्याला निदान २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या सभेत उभे राहता येते. मिरजेच्या झोपडपट्टीत गेलेल्याला तेवढेही नाही, कारण मतदार यादीतले नाव हलले की ग्रामसभेचे सदस्यत्व संपते.

भटक्या-विमुक्तांबाबत मोठे प्रयत्न दोन झाले. बाळकृष्ण रेणके आयोगाने २००८ मध्ये अहवाल दिला. भिकू रामजी इदाते आयोग २०१५ मध्ये कामाला लागला आणि त्याने कायमस्वरूपी आयोगाची शिफारस केली. अडीचशेहून अधिक समाज कुठल्याच यादीत नाहीत, हेही या कामातून पुढे आले. २०१९ मध्ये आयोगाऐवजी कल्याण मंडळ आले. २०२२ मध्ये शिक्षण, आरोग्य, उपजीविका आणि घरांसाठी 'सीड' योजना सुरू झाली : पाच वर्षांसाठी २०० कोटी रुपये, देशभरासाठी. लोकांनी सांगितले, अहवाल झाला, आणि सांगणाऱ्यांकडे उत्तर घेऊन कुणी परत आले नाही, अशी भावना वस्त्यांत आम्हाला वारंवार ऐकू येते.

बाहेरच्या जगातला एक धडा

कॅनडातल्या मूळनिवासींबाबत कोण सदस्य आणि कोण नाही हे १८७६ पासून सरकारी कायद्यानेच ठरत आले. बाहेर लग्न केलेल्या बाईचा दर्जा जात असे. १९८५ मध्ये तो कायदा बदलावा लागला. राखीव वस्ती सोडून शहरात गेलेल्या सदस्यांना आपल्याच समूहाच्या निवडणुकीत मत नव्हते. १९९९ च्या कॉर्बियर निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी घटनाविरोधी ठरवली. गाव सोडले म्हणून सदस्यत्व सुटत नाही, हे तत्त्व तिथे न्यायालयात जिंकावे लागले. २००७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यातला अनुच्छेद ३३ सांगतो की आपली ओळख आणि सदस्यत्व ठरवण्याचा हक्क मूळनिवासी समूहांचा आहे. भारताने जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिले, मात्र सगळेच भारतीय मूळनिवासी आहेत अशी सरकारची भूमिका राहिली आहे. त्यामुळे हा दस्तऐवज आपल्याला कोर्टात फारसा हात देत नाही, पण प्रश्न कसा मांडावा हे शिकवतो.

विचारायचे कसे? कार्यकर्त्यांसाठी दहा गोष्टी

१. वेळ त्यांची निवडा. ऊसतोड कामगार पहाटे फडात असतो, नाक्यावरचा मजूर सकाळी. बैठक रात्री जेवणानंतर, कोपीजवळ किंवा पालाजवळ.

२. बोली जाणणारा माणूस बरोबर न्या. पारधी, कैकाडी, वडार, गोरमाटी या बोलींत माणूस जे बोलतो ते मराठी फॉर्मवर उतरत नाही.

३. पंच किंवा मुकादम बोलला म्हणजे वस्ती बोलली असे धरू नका. बायकांची बैठक वेगळी घ्या, तरुणांची वेगळी.

४. गावी राहिलेले आणि शहरात गेलेले, दोघांनाही विचारा. एकाच कुटुंबाची दोन टोके एकाच कागदावर आणा.

५. आधी सांगा, मग विचारा. कशासाठी विचारतो, त्यातून काय मिळू शकते आणि काय मिळणार नाही.

६. आधार कार्ड, दाखले यांचे फोटो व्हॉट्सॲप गटात फिरवू नका. ज्या समाजाने पिढ्यान्पिढ्या हजेरी दिली, त्याला पुन्हा नवी यादी करणारा माणूस पोलिसासारखाच वाटतो.

७. नाव, आडनाव, पोटजात जशी सांगतील तशीच लिहा. 'शुद्ध' करू नका. पुढे पडताळणीत एकेक अक्षर महागात पडते.

८. 'नाही' म्हणण्याचा हक्क मान्य करा. काही कुटुंबांना जुनी ओळख लपवून जगायचे असते. त्यामागे भीती असते.

९. मतभेद नोंदवा. एकमत दिसावे म्हणून वेगळा सूर गाळू नका.

१०. निष्कर्ष घेऊन परत जा आणि वाचून दाखवा. परत न जाणारा सर्वे म्हणजे विचारणे नव्हे, ती नुसती माहिती नेणे आहे.

शेवटच्या दोन मुद्द्यांसाठी आपल्याला उसना आदर्श शोधावा लागत नाही. भिक्खू संघात महत्त्वाचा ठराव मांडून तीन वेळा विचारण्याची पद्धत होती. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी संघाच्या या सभाशास्त्राचा अभिमानाने उल्लेख केला होता. तीनदा विचारण्यात अर्थ असा की पहिल्यांदा माणूस घाबरतो, दुसऱ्यांदा विचार करतो, तिसऱ्यांदा बोलतो.

आत्ताच का?

३० एप्रिल २०२५ रोजी केंद्राने जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय जाहीर केला. १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख आहे. १९३१ नंतर पहिल्यांदाच जनगणनेत सगळ्या जातींची मोजणी होणार आहे. माणसांची मोजणी ऐन हंगामात येते. तेव्हा कुंडल परिसरातल्या साखरपट्ट्यात हजारो माणसे कोप्यांत असतील, गावाकडची घरे कुलूपबंद असतील. २०११ मध्ये बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली होती. त्या रात्री जो दिसला नाही, तो मोजला गेला नाही. भटक्या-विमुक्तांची वेगळी नोंद व्हावी ही मागणी संघटनांनी लावून धरली आहे. ती मान्य होवो न होवो, प्रगणकासमोर माणूस काय सांगतो तेच लिहिले जाणार आहे.

म्हणून पुढच्या काही महिन्यांत प्रत्येक विहाराने एक काम घ्यावे. आपल्या परिसरातल्या कोप्या, पाले, नाके आणि झोपडपट्ट्या यांची ठिकाणे लिहून काढावीत, तिथे जाऊन बसावे, आणि धर्म, जात, जमात, बोली या चार रकान्यांत तुम्हाला काय सांगायचे आहे हे विचारावे. उत्तर आपल्याला आवडेल असेच येईल, असे नाही. कुणी बौद्ध लिहील, कुणी आपल्या जमातीचे नाव लिहील, कुणी काहीच लिहू इच्छिणार नाही. ठरवणार ते. आपले काम इतकेच, की ठरवताना त्यांच्या हातात पूर्ण माहिती असावी आणि पाठीशी कुणीतरी असावे.

जय भीम.